सासूची उंची

"सासू नको," पुंजाजी म्हणाला. "तुमी आपली सून धरा. वळनाची हाये, गरीब हाये, आजलोक कोनाचा पाय मोडला नाही तिनं."

अंगणातल्या घोंगडीवर बसलेले तिघे खामगावकर एकमेकांकडे पाहू लागले. चुलीपुढून त्याच्या बायकोचा, विमलबाईचा, आवाज आला, "अवो, डोंगर म्हना नं त्याच्या मांगं. पाव्हन्याईले काय वाटन?"

सासू आणि सून हे डोंगर होते. संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, जिथं कपाशीची शेतं संपतात आणि सातपुडा सुरू होतो, तिथं चिंचखेड नावाचं चाळीस उंबऱ्यांचं गाव आहे. गावाच्या पाठीशी चार डोंगर इतके खेटून उभे आहेत, की सकाळी दार उघडलं की चौघं आत डोकावून चुलीवर काय शिजतंय ते पाहून घेतात. पहिला मुंड्या, त्याच्या डोक्यावर झाड नाही. दुसरी घोडपाठ, लांबलचक आणि मधे खचलेली. तिसरी सून, नाकीडोळी नीटस. आणि तिच्या मागे, कपाळाला आठ्या घालून, सासू.

या चारांतले दोन निवडायचे होते, कारण पाहुण्यांजवळ दिवस दोनच होते.

साल त्रेसष्टचं, नाताळची सुट्टी. चीनची लढाई होऊन वर्ष उलटलं होतं आणि हिमालय राखायचा तर आपल्या माणसांच्या पोटऱ्यांत जोर पाहिजे, असं उत्तमरावच्या मनानं घेतलं होतं. उत्तमराव खामगावच्या एका हायस्कुलात ड्रिल मास्तर. छाती अशी, की त्यानं मनापासून श्वास घेतला तर सदऱ्याचं बटण सुटून जलंबच्या स्टेशनात पडायचं आणि तिथला हमाल ओळखीनं ते परत पाठवायचा. त्यानं 'गिरिभ्रमण मंडळ' काढलं. पहिल्या सभेला चाळीस जण आले, चहा होईपर्यंत वीस उरले, आणि पहाटेच्या एस.टी.ला तिघे. दुसरा होता त्याच शाळेतला भूगोलाचा महादेव मास्तर. मेणकापडात गुंडाळलेला सरकारी नकाशा तो पोटच्या पोरासारखा छातीशी धरून होता. तिसरा शेषराव, जिनिंगमधला कारकून. डॉक्टरनं त्याला चालायला सांगितलं होतं. तो चालायला आला होता, चढायला नव्हे, आणि हे त्यानं एस.टी.तच तीनदा स्पष्ट केलं होतं.

चिंचखेडच कशाला गाठलं? तर पुंजाजीमुळं. पुंजाजी दीड एकराच्या मळ्यात मिरची-वांगी काढायचा आणि आठवडी बाजाराला खामगावात आणून विकायचा. त्याची मिरची बेताचीच असे, पण ढिगामागं बसून तो जे सांगे त्यानं गिऱ्हाईक हलत नसे.

"सासूच्या माथ्यावर तळं हाये," तो सांगे. "पानी असं थंड, का वाघ प्याले आला तं त्याचे दात वाजतेत. खाली गावात आयकू येते. आमी समजतो, वाघ पानी पिऊन राह्यला, आता ढोरं सोडा. अन् तिथं उभं राह्यलं तं एका डोळ्यानं बुऱ्हानपूरची केळी दिसतेत अन् दुसऱ्या डोळ्यानं तुमच्या जिनिंगचं धुराडं. तुमी घड सांगा, मी बोट दाखवतो. चव्वेचाळीस साली मोजनीच्या सायबासंगं गेलतो मी, उगंच नाही सांगून राह्यलो."

हे ऐकूनच उत्तमरावनं मंडळ काढलं होतं. त्या तळ्यात पोहायला म्हणून त्यानं लंगोटही आणला होता.

"बाजारात तं सासू-सासू करत होता तुम्ही," उत्तमराव आता म्हणाला. "इथं आल्यावर काऊन नको म्हणून राह्यले?"

"तवा थंडी नोती."

"मागच्या आठवड्यात थंडी नव्हती?"

"होती. पन एवढी नोती." पुंजाजीनं गुडघ्यावरून हात फिरवला. "अन् वर अस्वल हाये."

उत्तमरावचे डोळे चमकले. पुंजाजीला आपली चूक कळली. "अस्वल म्हनजे काय, आता म्हातारं झालं ते. पन आग्या मोहोळ हाये. मोठं. बैलगाडीएवढं."

"मध?" शेषरावनं पहिल्यांदाच मान वर केली.

गेली एकोणीस वर्षं जो माणूस लोकांना त्या डोंगराची ओढ लावत आला, त्याला ती सोडवता कशी येणार? काहीही बोलला तरी डोंगर गोडच होत होता.

तेवढ्यात महादेव मास्तरनं नकाशा घोंगडीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. "हे पहा. आपण काय ठरवलं होतं? सर्वांत उंच असेल ते चढायचं. सून, दोन हजार आठशे बारा फूट. सासू, दोन हजार सहाशे चाळीस. म्हणजे सासू पावणेदोनशे फुटांनी ठेंगणी आहे. मग सासू कशाला? सून अन् घोडपाठ करू."

"बराबर!" पुंजाजीचा जीव भांड्यात पडला. "शिकेल मानूस शिकेलच असते. छापेल हाये ते."

"अन् तळं?" उत्तमराव म्हणाला.

"तळं नकाशात नाही."

"अबे, म्हणूनच तं पाह्यचं! नकाशात असतं तं घरीच पाह्यलं असतं ना?"

"मी मुंड्याच्या बाजूचा," शेषराव म्हणाला. "जवळ आहे. वरून चूल दिसते."

हो-ना करता करता ऊन कलंडलं. विमलबाईनं झुणका-भाकर वाढली, आणि भाकरीच्या दुसऱ्या चतकोराला तोड निघाली. उद्या नकाशाची सून, परवा पुंजाजीची सासू. शेषरावनं दोन्ही दिवस आपल्याला जमेल तिथवर यायचं.

पाहुणे हात धुवायला गेले तेव्हा विमलबाई हळूच म्हणाली, "गुडघ्याचं सांगाचं होतं त्याईले."

"काय सांगू? उद्या बाजारात तोंड दाखवाचं हाये मले."

तिनं ताटं उचलली.

गुडघा तर होताच. पण खरं दुखणं वेगळं होतं. पुंजाजी सासूच्या माथ्यावर कधी गेलाच नव्हता.

चव्वेचाळीस साली मोजणीची टोळी गावाबाहेर तंबू ठोकून राहिली होती आणि पुंजाजी, तेव्हा चाळिशीचा गडी, तिच्यात ओझी वाहायला लागला होता. आल्या आल्या साहेबाचं पोट बिघडलं. असं बिघडलं, की साहेब तंबूत कमी आणि तंबूच्या मागे जास्त. शेवटी त्यानं पुंजाजीच्या हातात उंची दाखवणारं यंत्र दिलं. घड्याळासारखं गोल, काटा एकच. पुंजाजीला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून साहेबानं दोन कागदांवर तसंच गोल काढून दिलं. एक कागद सुनेचा, एक सासूचा. माथ्यावर पोचलास की काटा जिथं असेल तिथं या गोलात रेघ मार, आणि दोन्ही आजच आण.

सून झाली. मग तो सासूला लागला. सासूच्या अंगावर, माथ्याच्या तीन-चारशे फूट खाली, एक सपाट जागा आहे. गावातले तिला खांदा म्हणतात. तिथं एक सलईचं झाड आहे. पुंजाजी झाडाला टेकून बसला आणि त्यानं बिडी पेटवली. ओढून झाल्यावर वर पाहिलं. वर अजून पुष्कळ डोंगर होता, आणि तो अगदी उभा होता. त्यानं यंत्राकडे पाहिलं. काटा कुठंतरी होताच. त्यानं तिथं रेघ मारली आणि उतरला.

झालं एवढंच. त्या रेघेचा पुढं आकडा झाला, आकड्याचा छापील नकाशा झाला, आणि सासू कायमची सुनेपेक्षा ठेंगणी झाली. गावात लोक विचारू लागले, वर काय आहे? तेव्हा तळं झालं. मग वाघ आला. मग बुऱ्हाणपूरची केळी पिकली. एकोणीस वर्षांत पुंजाजीनं त्या माथ्यावर जे जे नेऊन ठेवलं त्याला दोनशे बैल लागले असते.

दुसऱ्या दिवशी ते सुनेवर चढले. शेषराव पहिल्या तेंदूच्या झाडाखाली बसला आणि चिवड्याचा डबा उघडून म्हणाला, "मी इथून तुमच्यावर लक्ष ठेवतो." बाकीचे तिघे दहाच्या सुमाराला माथ्यावर पोचले. पुंजाजी शेवटी, काठीवर भार देत. उत्तमरावनं बारा सूर्यनमस्कार घातले. महादेव मास्तर मात्र तिथं पोचल्यापासून मान वाकडी करून समोर पाहत होता.

"मले एक सांगा," तो म्हणाला. पुस्तकातली मराठी त्याच्या तोंडून दम लागल्यावर गळून पडत असे. "आपण सर्वांत उंच आहो ना? मंग सासूकडं पाह्यची तं मले मान वर काऊन करावी लागून राह्यली?"

"डोळ्याचा भरोसा नसते, मास्तर," पुंजाजी घाईनं म्हणाला. "लांबची वस्तू मोठी दिसते."

"लांबची वस्तू लहान दिसते, पुंजाजी."

"आमच्याकडं मोठी दिसते."

मास्तरनं पिशवीतून पाण्याची काचेची बाटली काढली. ती अर्धी रिकामी केली, आडवी धरून एका दगडावर ठेवली, आणि स्वतः पालथा पडून एक डोळा मिटून बाटलीतल्या पाण्याच्या रेघेवरून पलीकडे पाहू लागला. पाणी कुणाची भीड धरत नाही. रेघेच्या वर सासूचा माथा होता, चांगला वितभर. रेघ तिच्या अंगावर जिथं टेकत होती तिथं एक खडक होता, आणि त्याच्याही बरंच खाली तो खांदा.

मास्तर उठला तेव्हा त्याच्या सदऱ्याला गवत चिकटलं होतं आणि चेहऱ्यावर मुलगा झाल्याचा आनंद होता. "नकाशा चुकला! उत्तमराव, सरकारी नकाशा चुकला! सासूच उंच आहे. कोण्या गाढवानं मोजलं असेल हो हे?"

"असन कोनी," पुंजाजी म्हणाला.

उतरताना सबंध वाट मास्तर थांबला नाही. वीस वर्षं पोरं चुकीचा आकडा पाठ करून राह्यली. आपलं राज्य होऊन तीन वर्षं झाली, आता तरी नकाशे खरे नकोत का? तो मोजणीच्या ऑफिसला पत्र लिहिणार होता. दुरुस्ती करायला लावणार होता. मधेच वळून म्हणाला, "अन् पुंजाजी, तुम्ही तर होता त्या टोळीत. तेव्हा सासूवर कोण गेलं होतं आठवतं का?"

पुंजाजीची काठी एका दगडात अडकली. ती सोडवायला त्याला बराच वेळ लागला.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "आता उतार हाये. उतारावर बोलू नाही."

त्या संध्याकाळी त्यानं अर्धीच भाकर खाल्ली. मास्तर ते गाढव कोण असावं यावर उत्तमरावशी पैजा लावत होता. गाढव दारूडं असावं, असं उत्तमरावचं मत पडलं. शेषराव म्हणाला, बिचारं दमलं असेल. तिघंही हसले.

तिसऱ्या दिवशी शेषराव खाटेवरून उठलाच नाही. त्यानं विमलबाईला विचारून घेतलं, आज वांगी आहेत, आणि पाय पांघरुणात घेतले. बाकीचे तिघे दिवस उगवता उगवता निघाले. उत्तमराव लंगोट खांद्यावर टाकून पुढं, पोवाडा म्हणत. थोड्या वेळानं पोवाडाच ऐकू यायचा, उत्तमराव दिसायचा नाही. महादेव मास्तर मागं रेंगाळत चालला, कारण पुंजाजी मागं होता. पुंजाजी वीस पावलं चाले आणि थांबे. मग पंधरा पावलं आणि थांबे. मग तो मोजायचं सोडून नुसताच थांबू लागला.

खांद्यावर पोचल्यावर तो सलईच्या झाडाशी बसला. झाड आता दुप्पट जाड झालं होतं. त्यानं बिडी काढली, पण पेटवली नाही.

"मास्तर, ते गाढव मीच होय."

मास्तर हसला. मग त्यानं पुंजाजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं.

पुंजाजीनं सगळं सांगितलं. यंत्र, कागद, गोल, रेघ. सांगताना त्यानं एकदाही हात हलवले नाहीत. बाजारात तो हात न हलवता मिरचीचा भावसुद्धा सांगत नसे.

"पण काऊन?" मास्तरनं विचारलं. "जनावर आडवं आलं होतं?"

"नाही."

"ताप-बीप होता?"

"नाही."

"मंग?"

"थकलो होतो."

"एवढंच?"

"एवढंच. वाघ आडवा आला म्हनलो असतो तं सारं गाव तोंड उघडून आयकत बसलं असतं. थकलो म्हनलो असतो तं कोन आयकते, मास्तर? सायेब म्हनला असता, उद्या पुन्हा जाय. उद्याची ताकत आजच संपली होती माही. अन् काटा कुठंतरी होताच नं, तं मारली रेघ."

"अन् तळं?"

"लोक इचारत, वर काय हाये. काही नाही म्हनलं का त्याईचं तोंड उतरे. दिवसभर उन्हात उभा राहून आलेला मानूस, त्याले काही नाही कसं म्हनाचं?" त्यानं न पेटवलेली बिडी कानावर ठेवली. "आता तुमी पत्र लिवनार हाये, तं खरं लिवा. माहं नाव लिवा. पुंजाजीनं चुकवलं म्हना. बाजारात हसतीन, हसू द्या. मले आता ते तळं नाही वाह्यलं जात."

मास्तर एकदम उठला आणि त्यानं हात पुढं केला. "चला. राहिलं तेवढं आता चढू. तीनशे फूट तर आहे."

पुंजाजीनं हात धरला. तो उठला आणि चढू लागला. खरंच चढला, पंचवीस-तीस पावलं. तिथं वाटेत कमरेएवढा दगड आहे. त्यावर पाय टाकून त्यानं जोर दिला आणि उजवा गुडघा मधेच राहिला. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा दिला नाही. तो त्या दगडावर हळूच बसला, एस.टी.त जागा मिळालेला माणूस बसतो तसा.

"तुमी जा," तो म्हणाला. "पाहून या, अन् खरं काय हाये ते मले येऊन सांगा."

मास्तर गेला. माथ्यावर उत्तमराव एका काळ्या खडकावर पाठ फिरवून बसला होता. भोवती दगड होते, वाऱ्यानं एका बाजूला लवलेलं वाळकं गवत होतं, आणि बाकी काहीही नव्हतं. उत्तरेला धुरकट, दक्षिणेला धुरकट.

"तळं कुठं आहे?" उत्तमराव म्हणाला. "मी सारा माथा तीनदा फिरलो. वाघ सोडा, बेडूक नाही. आता खामगावात काय सांगू मी?"

ते दोघं उतरून आले तेव्हा पुंजाजी त्याच दगडावर बसून होता.

"काय हाये?"

"दगड आहेत," मास्तर म्हणाला. "गवत आहे. वारा चांगला आहे."

"बुऱ्हानपूर?"

"नाही दिसत."

"खामगाव?"

"तेही नाही."

"बरं," पुंजाजी म्हणाला. आपल्याला आवतण नव्हतं त्या लग्नाची हकीकत ऐकावी तशी त्यानं मान हलवली. मग तो उत्तमरावकडे वळला. "ड्रिल मास्तर, मी तुमच्यासंगं खोटं बोललो. मी वर गेलतोच नाही कधी."

"थकले तुम्ही, म्हणून असं बोलून राह्यले," उत्तमराव म्हणाला आणि लंगोट घडी करून खिशात घातला.

पुढं जे झालं ते उत्तमरावच्या छातीमुळं झालं. एवढी छाती घेऊन माणूस डोंगरावरून येतो आणि चौकात लोक विचारतात, काय पाहिलं? आता दगड पाहिले असं सांगायचं? संक्रांतीपर्यंत उत्तमराव त्या तळ्यात पोहून आला होता. शिमग्यापर्यंत तळ्याला पलीकडचा काठ दिसेनासा झाला आणि मधोमध मगर निघाली. शेषराव सगळीकडे साक्षीला असे. तो म्हणे, मी स्वतः खाली होतो, पाण्याचा आवाज येत होता.

पुंजाजी बाजारात ढिगामागं बसे. कुणी थांबून विचारलं तर सरळ सांगे, "नाही बाप्पा, तळं-बिळं काही नाही. मी तं वर गेलोच नोतो."

"अरे वा!" गिऱ्हाईक म्हणे. "हायस्कुलातला मास्तर पोहून आला, अन् तुम्ही म्हणता तळं नाही! म्हातारपणी खोटं बोलाले लागले काय हो?"

एक-दोनदा त्यानं शपथ घेतली. त्यावर लोक जास्तच हसले. त्यांना ती नवी गोष्ट वाटली, आणि जुनीइतकी चांगली वाटली नाही. हळूहळू ढिगापुढं थांबणारी माणसं कमी झाली. मिरची तर पहिल्यापासून बेताचीच होती.

चैत्रात महादेव मास्तर एकटाच चिंचखेडला आला. पायी, संग्रामपूरपासून, ऐन उन्हात. विमलबाई ओसरीवर चिंच फोडत बसली होती. टरफलांचा एक ढीग, चिंचोक्यांचा एक, गराचा एक. पुंजाजी भिंतीला टेकून होता. मास्तरनं पाणी घेतलं, टोपीनं वारा घेतला, आणि खिशातून एक लांबट लिफाफा काढला.

"उत्तर आलं ऑफिसचं. मी सर्व लिहिलं होतं, पुंजाजी. तुमचं नाव, गाव, साल, खांदा, सलईचं झाड. काहीच सोडलं नाही."

"वाचा."

मास्तर वाचू लागला. त्याला ते वाचायचं नव्हतं हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. "आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की, सदर दोन्ही शिखरांची उंची मोजणी अधिकारी यांनी स्वतः शिखरमाथ्यावर जाऊन घेतल्याची नोंद दप्तरी आहे. पुंजाजी नावाच्या कोणत्याही इसमाची नोंद आढळून येत नाही. सबब दुरुस्तीचे कारण दिसत नाही."

पुंजाजीनं मान पुढं केली.

"सायेब गेलता म्हन्ते?"

"तसं लिहिलंय."

"सायेब तंबूच्या मांगं होता, मास्तर."

"मला माहीत आहे."

पुंजाजीनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, आणि परत दिला. "दोन्ही म्हन्ते?"

"दोन्ही."

"म्हनजे सुनेवर बी तोच गेला?"

मास्तरनं मान खाली घातली.

"सुनेवर तं मी गेलतो," पुंजाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. गिऱ्हाईकाला मोजून दिलेली मिरची दाखवावी, तसा तो म्हणाला. "सासूचं जाऊ द्या. ते मी चुकवलं. पन सुनेची रेघ खरी हाये, मास्तर. माथ्यावर उभा राहून मारली."

"मी पुन्हा लिहितो."

"नका लिवू."

"काऊन?"

"तुमी बी थकसान."

मास्तर उन्हं उतरायच्या आत निघाला. गावाबाहेरच्या वळणापर्यंत तो दोनदा मागं वळला, आणि मग दिसेनासा झाला. पुंजाजी भिंतीशीच बसून होता.

"मले मालूम होतं," विमलबाई म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती.

"काय?"

"तुमी सासूवर गेले नोते ते."

पुंजाजीनं तिच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुमी दारात आले तवा गाई पांदीतच होत्या. माहा बाप डिंकासाठी जाये सासूच्या माथ्यावर. एकटी सासू करून आला तरी त्याले दिवे लागत. तुमी तं दोन्ही करून आलो म्हनले, अन् उजेड होता."

"एकोनीस वर्सं झाली त्याले."

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

तिनं एक चिंच फोडली, शिरा ओढून काढल्या, चिंचोके एकीकडे टाकले. "काय बोलाचं? सुनेवर तं गेले होते नं. तळव्याईले काटे होते तुमच्या, दोन्ही पायाच्या. माथ्यावरच्या कुसळाचे. खाली नसते ते गवत. सुईनं काढले मी, बावीस निघाले."

गाई घंटा वाजवत पांदीतून येऊ लागल्या तसा पुंजाजी भिंतीचा आधार सोडून सरकत सरकत ओसरीच्या मधोमध आला, पाय लांब करून बसला, आणि फोडायच्या राहिलेल्या चिंचांची पाटी त्यानं दोघांच्या मधे ओढून घेतली.